बाकीच्या सात गोळ्या कुठे आहेत?

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मी कसला लेखक? दिवसभर लोकांचे सर्व्हर बंद का पडले ते शोधणारा माणूस." त्या म्हणाल्या, "मग तुमच्या त्या बंदुकीवर लिहा. सगळे विचारतात." खरं आहे. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचं ताट हातात घेऊन निदान तिघांनी तरी मला बाजूला ओढून विचारलंय, "काय हो, तुम्ही म्हणे बंदूक घेतलीत?" विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थोडं कुतूहल आणि बरीचशी काळजी असते. आमच्या घरातही पहिल्या महिन्यात काळजीच जास्त होती. शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या ज्या देशात वर्षातून कितीतरी वेळा येतात, तिथे ही काळजी चुकीची नाही. म्हणून आधी सांगून टाकतो. ती कुलूपबंद पोलादी कपाटात असते, किल्ली माझ्याकडे असते आणि ती एका वेळी एकच गोळी उडवते. पुढची गोळी उडवायला माझ्यासारख्या माणसाला दोन-तीन मिनिटं लागतात. हा लेख त्या दोन-तीन मिनिटांबद्दलच आहे.

तर ही माझी रायफल म्हणजे १८७४ सालच्या 'शार्प्स' रायफलची आजच्या काळात बनवलेली प्रतिकृती. प्रतिकृती म्हणजे खेळणं नव्हे. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल ट्रोम्पिया या गावात आणि इथे मोंटाना राज्यातल्या बिग टिंबर या गावात अशा रायफली जुन्या नमुन्याबरहुकूम बनतात. १९९० साली टॉम सेलेकचा 'क्विग्ली डाउन अंडर' हा चित्रपट आला, त्यातल्या नायकाच्या हातात अशीच लांबलचक शार्प्स होती. तेव्हापासून तिला मागणी वाढली. मोंटानात फोर्सिथ इथे दर जूनमध्ये त्याच नावाने स्पर्धाही भरते. मी एम.एस. करायला २००१ साली इथे आलो, तेव्हा वसतिगृहातल्या खोलीमित्राने तो चित्रपट दाखवला होता. बीज तिथे पडलं. झाड उगवायला वीस वर्षं लागली.

रायफलीची कुळकथा

क्रिश्चन शार्प्स या कारागिराने मागून गोळी भरायच्या रायफलीचं पेटंट १८४८ साली घेतलं. त्याआधीच्या बहुतेक बंदुका नळीच्या तोंडाकडून भरायच्या. दारू ओता, गोळी टाका, गजाने ठोका. शार्प्सच्या रायफलीत खालचा दांडा पुढे ढकलला की एक पोलादी ठोकळा खाली सरकतो आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. तिथे काडतूस ठेवायचं आणि दांडा मागे घ्यायचा. यादवी युद्धानंतर पितळी काडतुसं रूढ झाली आणि ही रचना त्यांच्याशी चांगली जुळली. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी रेमिंग्टन कंपनीची 'रोलिंग ब्लॉक' रायफल आली. सरकारी स्प्रिंगफील्ड कारखान्याने १८७३ साली सैन्यासाठी '४५-७०' हे काडतूस आणलं. ४५ म्हणजे नळीचा व्यास, इंचाचे शंभरातले पंचेचाळीस भाग. ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू, साधारण साडेचार ग्रॅम. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅम शिसं. माझी रायफल हेच काडतूस खाते.

दारू म्हटल्यावर आपल्याकडे लोक हसतात. ही काळी दारू म्हणजे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन मागे राहतो. बार उडाला की समोर पांढरा ढग उभा राहतो आणि नळीत कडक थर बसतो. तो थर मऊ ठेवला नाही, तर पाचव्या-सहाव्या गोळीला नेम बिघडतो. म्हणून नेमबाज दोन बारांच्या मध्ये नळीत फुंकणीने फुंकर घालतात. श्वासातल्या दमटपणाने काजळी ओलसर राहते. चूल पेटवायला फुंकणी वापरणारी आजी मला आठवते. रेंजवर मी तेच करतो, फक्त विझलेल्या आगीसाठी.

गोळी निवडायची म्हणजे काय

आता मुख्य प्रश्न. नवीन रायफल घेतली, हिच्यात कुठली गोळी घालायची? दुकानात जाऊन खोकं उचलायचं, असं हे काम नाही. बहुतेक लोक शिसं वितळवून घरीच गोळ्या ओततात. त्यात चार गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली जाडी. गोळी नळीतल्या खोबणीपेक्षा किंचित जाड हवी, नाहीतर गरम वायू तिच्या बाजूने निसटतो. म्हणून आधी मऊ शिशाचा एक गोळा नळीतून ठोकून पार काढतात आणि मायक्रोमीटरने मोजतात. माझ्या नळीचं माप ०.४५८ इंच निघालं.

दुसरी मऊपणा. बार उडतो त्या क्षणी दाबाने शिसं फुगून खोबणीत घट्ट बसायला हवं. फार कडक असेल तर फुगत नाही, फार मऊ असेल तर आकार बिघडतो. म्हणून वीस भाग शिशात एक भाग कथील, असं काहीसं मिश्रण करतात.

तिसरी लांबी. नळीत पीळ असतो, त्याने गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते. गोळी जितकी लांब, तितका पीळ जलद हवा. जॉर्ज ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ साली याचं सोपं सूत्र दिलं. दीडशेला व्यासाच्या वर्गाने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं. माझ्याकडची सर्वांत लांब गोळी १.४ इंचांची. हिशेब केला तर तिला साडेबावीस इंचांत एक फेरा पुरतो. माझ्या नळीत अठरा इंचांतच एक फेरा आहे. म्हणजे चालायला हरकत नाही.

चौथी गोष्ट वंगण. गोळीच्या कमरेला चर असतात, त्यांत मेण आणि चरबी भरतात. हे वाचून तुमच्या डोक्यात जे आलं तेच माझ्याही आलं. १८५७ साली एनफील्ड रायफलीच्या काडतुसाला लावलेली चरबी गाईची की डुकराची, या शंकेने काय पेटलं ते आपण शाळेत शिकलो. ते वंगण कशासाठी होतं, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. याच काळ्या काजळीसाठी! मी मधमाशांचं मेण आणि ऑलिव्ह तेल वापरतो. आमच्या शाकाहारी गॅरेजमध्ये तेवढं पथ्य पाळलं आहे.

मी तीन साचे घेतले. एक ४०५ ग्रेनचा, सैन्याच्या मूळ गोळीसारखा. दुसरा ५०० ग्रेनचा, नंतरच्या काळातल्या सैनिकी गोळीसारखा. तिसरा ५३५ ग्रेनचा, लांब पल्ल्याच्या स्पर्धकांच्या आवडीचा. एका शनिवारी शंभर यार्डांवर ५३५ च्या तीन गोळ्या मारल्या. तिन्ही भोकं एका इंचात! मी तो कागद चौकटीत घालून गॅरेजच्या भिंतीवर लावला. मित्रांना फोटो पाठवले. निर्णय झाला, ५३५ सर्वोत्तम.

बाबा

त्याच वर्षी आई गेली. दिवसकार्य आटोपून मी बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आलो. बाबांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पस्तीस वर्षं नोकरी केली, तीही तपासणीच्या खात्यात. हा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे या शार्प्स रायफलीच्या पिढीचाच. पण घरी बाबा कारखान्याबद्दल कधी बोलले नाहीत. तशी शिस्तच होती. इथे आल्यावर तर ते कशाबद्दलच बोलेनात. सकाळी चहा, मग खिडकीशी खुर्ची, संध्याकाळी एक फेरी. टीव्ही लावून दिला तर बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघत बसायचे. आईचं नाव आम्हीही काढत नव्हतो आणि तेही काढत नव्हते.

एके दिवशी मी गॅरेजमध्ये गोळ्या ओतत होतो. बाबा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होते. मग म्हणाले, "या तीन झाल्या. बाकीच्या सात कुठे आहेत?"

मी म्हटलं, "तीनच मारल्या, बाबा. बघा ना, एका इंचात आहेत."

"अरे, तीन गोळ्यांवर आमच्याकडे कुणी खोकं पास केलं नसतं. तीन कुणाच्याही लागतात."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि पाऊण तास बोलले. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मुद्दा असा होता. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून अचूकता ठरवायची, ही लोकांची सवय. पण या मापात फक्त दोनच गोळ्यांची साक्ष निघते, बाकीच्या गप्प बसतात. शिवाय गोळ्या वाढवल्या की हे अंतर वाढतच जातं. खरा उपाय म्हणजे सगळ्या भोकांचा मध्यबिंदू काढायचा, प्रत्येक भोकाचं त्यापासूनचं अंतर मोजायचं आणि सरासरी घ्यायची. ब्रिटिश काळापासून याला 'फिगर ऑफ मेरिट' म्हणतात. यात प्रत्येक गोळीला मत आहे.

मी संख्याशास्त्र शिकलेला माणूस. रात्री लॅपटॉपवर लुटुपुटीचे दहा हजार गट मारून पाहिले. बाबांचं बरोबर होतं. रायफल तीच, नेमबाज तोच, तरी दहा गोळ्यांचा गट तीन गोळ्यांच्या गटापेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडा जास्तच मोठा येतो. ऑफिसमध्ये तीन वापरकर्त्यांवर चाचणी घेऊन सॉफ्टवेअर उत्तम आहे असं कुणी म्हणालं, तर मी त्याला हसलो असतो. भिंतीवर मात्र तोच कागद चौकटीत लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काटा मागितला. गॅरेजमध्ये बसून त्यांनी दोनशेच्या वर गोळ्या एकेक करून तोलल्या. ज्यांच्या पोटात हवेचा बुडबुडा राहतो त्या हलक्या भरतात, त्या बाजूला काढल्या. हात थरथरत होते, पण काट्यावर गोळी ठेवताना नाही. माझा चौदा वर्षांचा मुलगा वहीत आकडे लिहीत होता. (शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, तिथे खायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या, हे नियम आजोबांनी नातवाला लावले आणि मलाही.)

रेंजवर

शनिवारी आम्ही तिघे रेंजवर गेलो. तिन्ही गोळ्यांचे शंभर यार्डांवर दहा-दहा बार. आणि ५३५ ची सातवी गोळी भलतीकडे गेली. मी म्हटलं, "ही धरायची नाही. माझा खांदा हलला."

बाबा म्हणाले, "खांदा हलला हे तुला कधी कळलं? भोक बघण्याआधी की बघितल्यावर?"

मी काय बोलणार?

नेमबाजीत एक जुनी रीत आहे. घोडा दाबताच, दुर्बिणीला डोळा लावण्याआधी गोळी कुठे गेली असेल ते मोठ्याने सांगायचं. आधी सांगितलं असेल तर ती तुमची चूक. नंतर आठवलं तर ती रायफलीची किंवा गोळीची, आणि ती मोजायची. सातवी गोळी मोजली.

पहिल्या फेरीत ४०५ चा गट साडेतीन इंचांचा, ५०० चा २.४ चा आणि ५३५ चा ३.४ चा आला. मी लगेच म्हटलं, "म्हणजे ५०० सर्वोत्तम." बाबा म्हणाले, "पुढच्या शनिवारी परत." पुढच्या शनिवारी ४०५ पुन्हा मागेच राहिली, पण ५०० चा गट २.७ चा आणि ५३५ चा २.६ चा आला. सरासरी अंतरंही जवळजवळ सारखी. म्हणजे त्या दोघींमध्ये आम्हाला दाखवता येईल असा फरक नव्हताच! मी ५०० घेतली, कारण शिसं कमी लागतं आणि खांद्याला धक्का कमी बसतो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. बाबांच्या मते असं कारण कागदावर लिहिण्यात कमीपणा काहीच नाही.

दोन दंतकथा

घरी परतताना मी बाबांना दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही १८७४ सालच्या.

टेक्सासमधल्या अडोबी वॉल्स या व्यापारी ठाण्यावर २७ जूनला कोमांची, कायोवा आणि शायान योद्ध्यांनी हल्ला केला. आत अठ्ठावीस पुरुष आणि एक स्त्री होती. पुढे दोन-तीन दिवसांत बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने उसन्या घेतलेल्या शार्प्सने दूरच्या टेकाडावरच्या घोडेस्वारांपैकी एकाला पाडलं. हे अंतर पुढे १,५३८ यार्ड सांगितलं गेलं, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर. आजही या रायफलीची जाहिरात त्या एका बारावर चालते. खुद्द डिक्सनने मात्र तो नशिबाचा बार असल्याचं मान्य केलं होतं.

बाबा म्हणाले, "म्हणजे एकच गोळी. आणि ते लोक तिथे का भांडत होते?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर असं की ते भांडण बायसनसाठी होतं, म्हणजे या देशातल्या रानरेड्यांसाठी. १८७१ च्या सुमारास त्यांच्या कातड्यापासून कारखान्यांच्या यंत्रांचे पट्टे बनवायची युक्ती साधली. १८७२ साली डॉज सिटीपर्यंत रेल्वे आली. मग शार्प्सवाले शिकारी एका जागी बसून दिवसाला डझनावारी जनावरं मारू लागले. कातडी काढायची आणि मांस माळावर सोडायचं. कोट्यवधींनी असलेले कळप १८८० च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आसपास उरले. ज्या जमातींचं सगळं जगणं त्या जनावरावर होतं, त्यांचं जगणंही त्याबरोबर संपवलं गेलं. २०१६ साली बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी जाहीर केलं. माझ्या रायफलीच्या मूळ नमुन्याची अचूकता कामाला आली ती अशी. हे ठाऊक असूनही मी ती हौसेने वापरतो. पण विचारणाऱ्याला नुसती डिक्सनची गोष्ट सांगून थांबणं आता जमत नाही.

दुसरी गोष्ट बाबांना जास्त आवडली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर इथे १८७३ साली नेमबाजीचं मैदान सुरू झालं. इंग्लंडमधली मानाची एल्को शील्ड जिंकलेल्या आयरिश संघाने अमेरिकनांना आव्हान दिलं. २६ सप्टेंबर १८७४ ला सामना झाला. सहा-सहा जण, ८००, ९०० आणि १,००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी पंधरा गोळ्या. आयरिश नेमबाजांकडे तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली होत्या, तर अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. मधल्या चौकोनाला चार गुण. तो चौकोन तीन फुटांचा, आणि १,००० यार्डांवर गोळी पोचायलाच तीन सेकंदांहून जास्त लागतात.

या सामन्यात मिल्नर या आयरिश नेमबाजाची एक गोळी बरोबर मध्यावर लागली. पण शेजारच्या निशाणावर! नियमाप्रमाणे शून्य. अखेरीस आयर्लंडचे ९३१ झाले. अमेरिकेचे ९३० आणि एक गोळी बाकी. कर्नल जॉन बोडाइन यांचा हात थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून त्यांनी शेवटचा बार मारला आणि चार गुण मिळवले. ९३४ विरुद्ध ९३१. मिल्नरची ती गोळी धरली असती, तर आयर्लंड एका गुणाने जिंकलं असतं.

बाबांनी विचारलं, "आयरिश लोकांनी निकाल मानला?"

"मानला. दुसऱ्या वर्षी अमेरिकन संघ त्यांच्याकडे डब्लिनला खेळायला गेला."

"मग खरी गोष्ट ती," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी आई असती तर म्हणाली असती, दोन शनिवार वाया घालवलेत, त्यात घराचे पडदे धुऊन झाले असते." आम्ही तिघेही हसलो. घरात तिचं नाव निघालं ते त्या दिवसापासून.

बाबा आता पुण्याला परत गेले आहेत. भिंतीवरची चौकट तशीच आहे, पण तीन भोकांचा कागद काढून तिथे दहा भोकांचा लावला आहे, भरकटलेल्या सातव्या गोळीसकट. त्याखाली मुलाने वहीतले आकडे चिकटवले आहेत. रविवारी सकाळी फोन लावला की तब्येतीची चौकशी दोन मिनिटांत उरकून बाबा विचारतात, "काल गेला होतास? किती मारल्यास?"

मंडळातल्या कुणाला बघायला यायचं असेल तर जरूर या. कानाला लावायचे बोळे मी देईन. फक्त वेळ काढून या, कारण दहा गोळ्यांना अर्धा तास लागतो आणि आमच्याकडे त्याहून कमी मोजत नाहीत.